चौदा महिन्यांनी चुना

दोन वर्षांमागं आमच्या वस्तीतल्या विहाराच्या मागच्या भिंतीला ऑइलपेंट मारला. भिवंडीतली जुनी भिंत ती. पाया दगडाचा, वर वीट, जोडकाम चुन्याचं. एका देणगीदारानं पैसे दिले. आधी सिमेंटचा गिलावा चढला, मग चकचकीत निळा रंग, आणि दाराशी ठळक अक्षरांत देणगीदाराचं नाव. पहिल्या पावसात कंबरेच्या उंचीपर्यंत फुगे आले. दुसऱ्या पावसात फुगे फुटून पोपडे पडले आणि आतून पांढरी भुकटी गळायला लागली. तिला लोणा म्हणतात. बाबासाहेबांच्या तसबिरीचा मागचा पुठ्ठा ओलीनं फुगला तेव्हा कुठं बैठक बसली.

पोरं म्हणाली, याहून भारी रंग आणू. मी म्हणालो, गिलावा खरवडा, भिंत उन्हाळाभर वाळू द्या आणि तिला चुना मारा. हशा पिकला. चळवळीत दिवसरात्र पळणारा एक पोरगा आहे, शिकलेला, माझा लाडका. तो उठून म्हणाला, "काका, चुना मारायचं काम आपल्या बापजाद्यांनी केलं तेवढं बास झालं. आता पुन्हा तोच कुंचा आमच्या हातात देता?"

मला तिथं उत्तर देता आलं नाही. पोरगा खोटं बोलत नव्हता. माझा बाप सफेदीवाला होता. त्याच्या हाताची कातडी मी पाहिलेली आहे. पण त्या पोराचं बोलणं जिथं संपलं तिथं इतिहास संपत नाही, म्हणून हे लिहायला बसलो.

आम्ही मूळचे नगर जिल्ह्यातले, पारनेरकडचे. १९७२ च्या दुष्काळात गाव सुटलं. आधी खडी फोडली, सुकडी खाल्ली, मग ओळखीच्या माणसामागं भिवंडीला आलो. बापाला माग चालवता येत नव्हता. एका ठेकेदाराकडं रंगसफेदीच्या कामाला लागला तो शेवटपर्यंत. मी शाळा सुटली की त्याच्या मागं डबा घेऊन हिंडायचो. तेव्हा जे डोळ्यांनी शिकलो ते आधी सांगतो, कारण आजच्या कार्यकर्त्याला चुना म्हटलं की पानावरचा नाहीतर कुणी फसवून लावलेला एवढाच ठाऊक.

चुना म्हणजे दगड. चुनखडक किंवा चुनखडी भट्टीत घालून नऊशे अंशांच्या आसपास भाजली की तिच्यातला वायू निघून जातो. शंभर किलो शुद्ध चुनखडक भाजला तर छप्पन्न किलो कळी उरते, चव्वेचाळीस किलो हवेत जातो. या कळीवर पाणी टाकलं की ती तडतडते, फुटते, पाणी उकळायला लागतं. याला चुना विरवणं म्हणतात. बाप पत्र्याच्या पिंपात कळी भिजवायचा आणि आम्हा पोरांना लांब उभं करायचा. दोनतीन दिवस मुरू द्यायचा, पोत्यातून गाळायचा, पातळ ताकासारखा करायचा. त्यात डिंक किंवा सरस, मूठभर मीठ, आणि पांढरेपणा उठावा म्हणून चिमूटभर नीळ. भिंत आधी पाण्यानं ओली करायची. घायपाताचा कुंचा, एक हात आडवा, एक हात उभा, मधे वाळायला दिवस. जाड थर दिला की पापुद्रे सुटतात, म्हणून तीन पातळ हात. डोक्यावर ऊन असताना चुना मारणारा माणूस बापाच्या हिशोबी गाढव. चुना घाईनं वाळला की कच्चा राहतो, हात फिरवला की हाताला येतो.

पुढं काय होतं तर भिंतीवरचा चुना हवेतला तोच वायू परत ओढून घेतो. भट्टीत गेलेला वायू परत येतो आणि भिंतीवर चुन्याचा पुन्हा दगड होतो. पातळ, बारीक छिद्रांचा दगड. त्या छिद्रांतून भिंतीतली ओल वाफ होऊन बाहेर पडते. आजकाल शहरातले वास्तुतज्ज्ञ बंगलेवाल्यांना 'श्वास घेणारी भिंत' म्हणून हीच गोष्ट विकतात. बाप म्हणायचा, "भित्ताडाला वारं लागाय पायजे. त्येचं त्वांड बांधलं तर त्ये आतून कुजतं." ऑइलपेंट, प्लास्टिक पेंट हे भिंतीचं तोंड बांधतात. कोकणपट्टीतला पाऊस, खालून दगडी पायातनं चढणारी ओल, आणि वर रंगाची कातडी. ओल जाणार कुठं? क्षार घेऊन कातडीमागं साठते आणि एक दिवस कातडी फोडते. विहाराच्या भिंतीला तेच झालं. सिमेंटकाँक्रीटच्या नव्या भिंतीचा प्रश्न वेगळा आहे, आणि छप्पर गळत असेल तर चुनाही काही करत नाही. मी चुन्याचा भगत नाही.

ताजा चुना अतिशय दाहक असतो. त्यात जंतू, बुरशी टिकत नाही ती याच गुणामुळं, आणि माणसाची कातडी टिकत नाही तीही याच गुणामुळं. बापाच्या बोटांच्या पेरांना भेगा होत्या. रात्री आई त्यांत गोडं तेल भरायची. डोळ्यात शिंतोडा गेला तर डोळा जाऊ शकतो. बापाबरोबरच्या एका माणसाचा गेला. ठेकेदारानं त्याला चार दिवसांची हजेरी जास्त दिली आणि पाचव्या दिवशी दुसरा माणूस आणला. चष्मा, हातमोजे हे शब्द त्या कामावर कुणी उच्चारले नव्हते.

आता इतिहासाकडं येऊ. इतिहासाच्या पुस्तकांत भिंती पुष्कळ असतात. किल्ल्यांच्या, वाड्यांच्या, देवळांच्या. त्यांचा चुना कुणी भाजला, कुणी घाणीत मळला, कुणी चढवला हे नसतं. आपल्या समाजानं चुन्याच्या एका घमेल्याकडं नीट बघितलं तर त्यात जात कशी बसवलीय ते दिसतं. दगड फोडणारे वडार. कळी आणि कोळसा भाजणारे लोणारी. कोकणात खाडीचे शिंपले भाजूनही चुना करत. मुंबईत शीवजवळच्या चुनाभट्टीचं नाव अशाच भट्ट्यांवरून पडलेलं. घाणीत चुना मळला जाई तो बैलाच्या आणि मजुराच्या पायांनी. बांधकामावर गवंडी. आणि वाडा उभा राहिला की नाव ज्यानं पैसे दिले त्याचं. ती आमच्या विहाराच्या दारावरची अक्षरं बघून मला हेच आठवलं होतं.

गावात आमच्या लोकांच्या भिंती मातीच्या. बाबासाहेबांनी अस्पृश्यांवरच्या बंधनांची जी यादी लिहून ठेवली आहे ती वाचा. वस्ती गावाबाहेर, तीही दक्षिणेला. अस्पृश्यानं कौलारू घर बांधणं हा गुन्हा. स्वच्छ कपडे घालणं, पायात जोडा, अंगावर सोनं घालणं हा गुन्हा. म्हणजे घाण राहणं हे आमच्यावर लादलेलं कर्तव्य होतं, आणि मग घाण म्हणून लांब ठेवायचं. घर नीटनेटकं दिसणं हीच आगळीक.

बाप सांगायचा ती गोष्ट १९५६ नंतरची. १४ ऑक्टोबरला नागपूरला बाबासाहेबांनी धम्मदीक्षा दिली. लोक पांढरी वस्त्रं नेसून गेले होते. आमच्या गावातलं कुणी नागपूरला पोचलं नव्हतं, पण बातमी पोचली. पुढच्या उन्हाळ्यात म्हारवाड्यातल्या चारपाच घरांनी देव्हाऱ्यातले देव काढले आणि घरांना बाहेरून चुना मारला. आतून मारला असता तर कुणाला दिसला नसता. बाहेरून मारला म्हणून गावात बोंब झाली. "म्हारवाड्याला चुना? लगीन हाय का काय?" माझ्या आज्याला चावडीवर बोलावून विचारलं, चुन्याला पैसा कुठनं आला. बापाला गावकीतली सफेदी ठाऊक होती. चावडीला चुना मारायला त्यालाच हाक यायची. देवळाच्या बाहेरच्या भिंतीलाही. कुंचा हातात असेल तोवर भिंतीला हात लावायची मोकळीक, कुंचा खाली ठेवला की लांब व्हायचं. तोच चुना, तोच कुंचा, तोच माणूस. फक्त भिंत स्वतःची झाली तर गावाला विंचू चावला.

त्या घरांत नीळ जास्त पडली होती, असं बाप हसत सांगायचा. पांढरं व्हायच्या ऐवजी आभाळी झालं. गावानं 'निळी घरं' असं नाव ठेवलं. चिडवायला ठेवलं होतं. पुढं आमच्या लोकांनी तेच पत्ता म्हणून सांगायला सुरुवात केली.

इथं एक जुनी गोष्ट जोडतो, कारण पोरांना वाटतं चुना म्हणजे फक्त गावकी. विनयपिटकात चुल्लवग्गात भिक्खूंच्या निवासस्थानांचे नियम आहेत. इतर पंथीयांच्या जागा पांढऱ्या रंगवलेल्या, जमीन काळी केलेली, भिंतींना गेरूचं काम; लोक बघायला जात. भिक्खूंनी बुद्धांना विचारलं आणि विहारात पांढरा, काळा रंग आणि गेरू वापरायला परवानगी मिळाली. मग पुढची अडचण आली. खडबडीत भिंतीवर पांढरा रंग धरेना. तर भाताच्या तुसाचा मातीत लगदा करून तो द्या, थापीनं सारखा करा, मग पांढरा लावा. तरी धरेना, तर झाडाचा चीक आणि पिठाची खळ वापरा. हे वाचलं तेव्हा मी वही मिटून बसून राहिलो. डिंक आणि खळ! माझा निरक्षर बाप जे रॉकेलच्या डब्यात करत होता ते धम्माच्या ग्रंथात लिहिलेलं. अजिंठ्याच्या चित्रांखालीही मातीचा लेप आहे, त्यात तूस, गवत मळलेलं, आणि वर चुन्याचा पातळ हात. आमच्या भिवंडी तालुक्यात लोनाडला बौद्ध लेणं आहे, सोपाऱ्याचा स्तूप इथून लांब नाही. तिथं कुंचा धरणारा कोण होता हे कुणी लिहिलं नाही. पण नियम बघा. भिंत नीट का करायची? राहणाऱ्याला राहता यावं म्हणून. मंत्र नाही, मुहूर्त नाही. धरत नाही, तर हे करून बघा. तरी नाही धरलं, तर ते. मला तर ती एखाद्या चांगल्या मुकादमाची बोली वाटते.

याच्यासमोर महाडचं शुद्धीकरण ठेवा. मार्च १९२७ मध्ये आमचे लोक चवदार तळ्याचं पाणी प्याले आणि नंतर सवर्णांनी तळ्यात पंचगव्य ओतून ते 'शुद्ध' केलं. गाईचं शेण, मूत. पाणी त्यानं स्वच्छ होतं की घाण, हे लहान पोरही सांगेल. चुना भिंतीवरची बुरशी मारतो, कुणाच्या भिंतीवरची ते विचारत नाही. पंचगव्य फक्त माणसाला खाली ढकलतं. दोन्हीला 'शुद्ध करणं' असा एकच शब्द आपण वापरतो हा भाषेचा घोटाळा आहे, आणि तो घोटाळा फायद्याचा असणाऱ्यांनी टिकवला आहे.

पण चुना सरकारच्या हातात गेला की तोही भला राहत नाही. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईत मांडवीला प्लेग सापडला. ४ फेब्रुवारी १८९७ ला साथरोगाचा कायदा झाला. घरं तपासायची, आजारी माणूस उचलून न्यायचा, सामान जाळायचं, जमीन उकरायची, उजेडासाठी छपराला भोकं पाडायची, गटारांत कार्बोलिक सोडायचं आणि भिंतींना चुना मारायचा. चाळींवर इंग्रजी अक्षरं रंगवली जात, हे घर माणसानं राहायला लायक नाही म्हणून. पुण्यात रँडच्या हाताखाली सोजिरांच्या तुकड्यांबरोबर चुना मारणारी टोळी हिंडायची. २२ जून १८९७ ला चाफेकरांनी रँडवर गोळी झाडली. ही कथा शाळेत शिकवतात. सोजिर देवघरात बुटासकट शिरले, सोवळं बाटलं, हे आपल्याला तोंडपाठ आहे. त्या टोळीत चुन्याची बादली कोण वाहत होतं, ते साथीच्या घरात रोज शिरत होते तर त्यांचं काय झालं, हे शिकवत नाहीत. अहवालात त्यांना 'कुली' म्हटलं आहे.

आणि तो सगळा चुना प्लेगपुढं बहुतेक वाया गेला. १८९८ मध्ये सिमों नावाच्या फ्रेंच डॉक्टरनं सांगितलं की प्लेग उंदरावरच्या पिसवांतून पसरतो. तेही लोकांनी लगेच मानलं नाही. पिसू भिंतीच्या पांढरेपणाला विचारत नाही. तोवर गरिबाचं घर हाच रोग असं धरून सरकारनं भिंती रंगवल्या. मुंबईत या मोहिमेचं अध्यक्षपद काही काळ जेम्स कॅम्पबेल याच्याकडं होतं. हाच गृहस्थ मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरांचा संपादक, आपल्या ठाणे जिल्ह्याचंही गॅझेटियर त्याचंच, १८८२ चं. कुठल्या तालुक्यात कोणती जात काय करते हे त्यानं ओळीनं छापलं आणि पंधरा वर्षांनी त्याच माणसांच्या दारात चुन्याची बादली पाठवली. माणूस त्या कारभारातला कदाचित बरा असेल. मी कारभाराबद्दल बोलतोय.

त्याच साथीत आपली दोन माणसं गेली, महिन्याभराच्या अंतरानं. ९ फेब्रुवारी १८९७ ला मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे. सत्यशोधक, 'दीनबंधु'चे संपादक, गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळवून देणारे. आणि १० मार्चला पुण्यात सावित्रीबाई. मुंढव्याच्या महारवाड्यातलं प्लेग झालेलं पोर खांद्यावर घालून यशवंतरावांच्या दवाखान्यात आणताना त्यांना लागण झाली. एका बाजूला भिंतीला चुना मारून माणसाला बाहेर काढणारं सरकार, दुसऱ्या बाजूला माणसाला उचलून घेणारी बाई. प्लेगच्या इतिहासात दोन्ही लिहा एवढंच माझं म्हणणं.

लोखंड्यांचं नाव आलं म्हणून कारखान्याकडं वळतो. भिवंडीत राहून मागाबद्दल न लिहिणं म्हणजे समुद्राकाठी राहून मीठ विसरणं.

इंग्लंडात १८०२ साली कापड गिरण्यांतल्या शिकाऊ पोरांसाठी एक कायदा झाला. गिरण्यांत तापाच्या साथी येत होत्या आणि पोरं मरत होती. त्या कायद्यात लिहिलं की गिरणीतल्या खोल्या वर्षातून दोनदा कळीच्या चुन्यानं आणि पाण्यानं धुवाव्यात. हवा खेळायला खिडक्या असाव्यात. पण कायदा लागू कुणाला? तीन किंवा जास्त शिकाऊ पोरं, नाहीतर वीस किंवा जास्त माणसं जिथं असतील तिथं. बघायला कोण जाणार? एक न्यायाधीश आणि एक पाद्री, फुकटात. तेव्हा तो कायदा किती पाळला गेला असेल ते समजून घ्या. पुढं १८७८ पर्यंत तिथल्या कायद्यात चुन्याची मुदत ठरली, चौदा महिन्यांतून एकदा.

ही चौदा महिन्यांची मुदत बोटीतून आपल्याकडं आली. हिंदुस्थानातला पहिला कारखाना कायदा १८८१ चा, शंभर माणसांच्या वरच्या कारखान्यांना. १८९१ ला आकडा पन्नासवर आला, १९२२ ला वीसवर. बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना १९४६ ची दुरुस्ती आणली गेली आणि आठवड्याचे तास चोपन्नवरून अठ्ठेचाळीस झाले. मग १९४८ चा कायदा. विजेवर चालणारा कारखाना असेल तर दहा माणसं पुरत. त्याच्या अकराव्या कलमात स्वच्छता होती. ज्या भिंतींना तेलरंग, वार्निश किंवा धुता येणारा रंग नाही, त्यांना निदान चौदा महिन्यांतून एकदा पांढरी किंवा रंगीत सफेदी द्यायची. आणि कोणत्या तारखेला दिली ती वहीत लिहायची.

मी ही वही भिवंडीत आयुष्यात एकदा पाहिली. ते सांगण्याआधी माग कुठून आले ते थोडक्यात. १८५७ नंतर उत्तरेतून मोमीन विणकर इथं आले, हातमाग बसले. पुढं विजेचे माग. मुंबईच्या गिरण्यांनी टाकून दिलेले जुने माग इथं येऊन पुन्हा खडखडायला लागले. १९८२ च्या संपात गिरण्या मोडल्या आणि भिवंडी आणखी फुगली. तिकडं गिरणीत विणाई खात्यात अस्पृश्याला घेत नव्हते, कारण तुटलेला धागा धोट्यातून तोंडानं ओढावा लागे आणि उष्टं चालत नव्हतं. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न उघड काढला. भिवंडीत धोटा उत्तर प्रदेशातल्या मुसलमानाच्या, तेलंगणातल्या पद्मशाल्याच्या, आपल्याही पोरांच्या हातात आला. पोटापुढं उष्टं विसरलं गेलं. पण छपराखालची हवा बदलली नाही.

कारखाना म्हणजे काय, तर वर पत्रा, दहाबारा माग, कानठळ्या, कापसाचा भुगा हवेत, तेलाचा वंगण भिंतीला. भुगा वंगणावर बसतो, त्यावर पुन्हा वंगण. भिंत काळी, मऊ, कातड्यासारखी होते. अशा भिंतीवर चुना बसतच नाही, आधी तासावी लागते. आणि कायद्याचं काय? एका छपराखाली मधे पत्र्याचा आडोसा घालायचा, तीन नावांवर तीन कारखाने दाखवायचे, प्रत्येकात माणसं दहाच्या खाली. कारखानाच नाही तर अकरावं कलम कुठलं? सरकारला मनात आणलं तर लहान जागेलाही कायदा लावता येत होता. २०२० साली संसदेनं नवी संहिता केली तेव्हा दहाचा आकडा वाढवून वीस केला. म्हणजे १८०२ चा वीस. दोनशे अठरा वर्षांत फिरून तिथंच.

आता ती वही. बाप एकदा एका मोठ्या कारखान्यात सफेदीला गेला, मी बरोबर. साहेब तपासणीला येणार होता. दारापासून ऑफिसापर्यंतची भिंत आणि समोरची बाजू एवढंच पांढरं करायचं होतं. मागच्या खोलीला हात लावू नका, म्हणाले. काम झाल्यावर मुनीम मला म्हणाला, पोरा, तुझं अक्षर चांगलं आहे, लिही. वहीत मी तारखा लिहिल्या. आजची, आणि मागच्या दोन, चौदा चौदा महिने मागं मोजून. मला आठ आणे मिळाले. बापाला वाचता येत नव्हतं, त्याला वाटलं पोरगा हुशार निघाला. चुना लावणं म्हणजे काय ते मला पुढं कळलं, आणि तो मीच लावला होता. दोस्तहो, कामगाराच्या प्रश्नावर मोर्चा काढता तेव्हा भिंतीकडंही बघा. पांढरी भिंत उजेड वाढवते, तुटलेली तार दिसते, बुरशी मरते. पत्र्यावर चुना मारला तर आतली उष्णता कमी होते. अहमदाबादच्या महापालिकेनं २०१७ मध्ये झोपडपट्टीतल्या छपरांवर हे करायला घेतलं. बारा तास मागापुढं उभ्या राहणाऱ्याला त्या दोनचार अंशांची किंमत कळते.

अजून एक काम सांगतो, ते सांगायला जड जातं. १९८४ च्या मे महिन्यात भिवंडी पेटली. पंधरावीस दिवसांनी बापाच्या ठेकेदाराला जळलेल्या खोल्यांची सफेदी मिळाली. आम्ही दोन हात दिले. सकाळी बघतो तर काजळी चुन्यातून वर आलेली, ढगासारखी. आणखी एक हात. पुन्हा वर. ठेकेदार घाई करत होता, कुणीतरी मोठा माणूस पाहणीला येणार होता. बाप म्हणाला, "सरसाचा हात दिल्याबिगर ही दबायची न्हाई." मग सरस उकळला. त्याचा वास आणि त्या खोलीचा वास एक झाला. खोलीची मालकीण दारात उभी होती, बुरख्याचं टोक तोंडाला लावून. तिनं आम्हाला पाणी दिलं. बापानं घेतलं, प्याला, आणि तिला म्हणाला, "आपा, कोपरा तसाच ठेवू का थोडा?" ती काही बोलली नाही. बापानं दाराआडचा वीतभर कोपरा सोडला. ठेकेदाराला दिसला नाही.

तर आता त्या पोराला उत्तर. तू म्हणालास ते असं, की कुंचा आपल्या हातात दिला तो जातीनं. बरोबर. हात भाजले, डोळे गेले, नाव दुसऱ्याचं लागलं. तेही बरोबर. पण म्हणून चुन्याचं ज्ञान जातीचं होत नाही. ते बापाचं होतं, त्यानं हातावर सोसून मिळवलेलं. ते टाकून देऊन आपण डब्यावरच्या जाहिरातीवर भरवसा ठेवला आणि भिंत फुगवून घेतली. शिवाय जाहिरातीतला पेंटही कुणीतरी शिडीवर चढूनच मारतो. त्याला तरी मोजे कुठं असतात? काम टाकायचं नसतं, कामावरची लाचारी टाकायची असते, असं मी पुढच्या बैठकीत म्हणालो. दोघंतिघं उठून गेले. बाकीचे बसले.

फेब्रुवारीत गिलावा खरवडला. आतली वीट ओली होती, बोट लावलं की ओल हाताला यायची. अडीच महिने उघडी ठेवली. देणगीदाराचं नाव गिलाव्याबरोबर गेलं, त्यावरून एक वेगळं भांडण झालं, ते इथं नको. बुद्धपौर्णिमेच्या आधी कळी आणली. हल्ली चांगली कळी शोधावी लागते, भुकटीच्या पिशव्या जास्त मिळतात. तीन दिवस भिजवली. वर्गणीतून चार जोड्या रबरी मोजे आणि चार चष्मे घेतले, आणि शिडीवर जो चढेल त्याला दिवसाची मजुरी, मग तो आपला कार्यकर्ता का असेना. फुकट श्रमदान नाही, हे मी आधीच सांगितलं होतं.

माझ्यानं आता शिडी चढवत नाही. मी खाली खुर्ची टाकून बसलो. दोन हात झाले. तिसऱ्या हाताच्या दिवशी सकाळी तोच पोरगा आला. त्यानं मोजे चढवले, चष्मा लावला, डबा ढवळला आणि विचारलं,

"काका, नीळ किती?"

"चिमूटभर. पांढरं उठण्यापुरती."

त्यानं माझ्याकडं बघितलं आणि अख्खी पुडी डब्यात ओतली.